आधी निदान, मग पाना



दिवाळी सरली की कारखान्यांची धुराडी पेटतात. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगर असो नाहीतर बिजवडी, गव्हाणीपर्यंत रांगा लागतात. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक, आणि आता फडात ऊस तोडणारी हार्वेस्टर मशिनं. हंगाम मध्यावर आला की दरवर्षी तेच वाक्य कानावर पडतं: "मालक, ऑईलमध्ये पाणी आलंय. हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागंल."

माझं भांडण या वाक्याशी आहे. ऑईलमध्ये पाणी आलंय, हे खरं असेल. पट्टी काढली की डोळ्याला दिसतं, चहात दूध टाकल्यासारखं ऑईल. पण हेड गॅस्केटच गेलं हे कशावरून? आणि ते कळायच्या आधी इंजिन का खोलायचं? ताप आला म्हणून डॉक्टरनं रक्त न तपासता थेट पोट फाडलं तर आपण दवाखाना डोक्यावर घेऊ. इंजिनाच्या बाबतीत मात्र आपण गप उभं राहून पाना आणून देतो.

पुढं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. हेड उतरतं. गॅस्केट जुनं दिसतं, मग "हेच कारण" म्हणून नवीन बसतं. नवीन ऑईल, नवीन फिल्टर. गाडी चार खेपा करते आणि पाचव्या खेपेला पट्टी पुन्हा दुधाळ. मग हेड प्लेन करायला जातं. मग पुन्हा तेच. शेवटी लायनर काढल्यावर कळतं की खालची रबरं गेली होती, नाहीतर ऑईल कूलर आतून फुटला होता. गॅस्केटचा काही दोष नव्हता. तोवर तोडणीची टोळी फडात बसून, मुकादमाची उचल अंगावर, बँकेचा हप्ता डोक्यावर, आणि पाणी मिसळलेल्या ऑईलवर चार-पाच खेपा केल्यानं क्रँकची बेअरिंगं खलास. काम हेडचं होतं, ते फुल इंजिनवर गेलं.

पाणी येण्याच्या वाटा किती?

पाण्याला ऑईलमध्ये शिरायला एकच दार आहे असं धरून चालायचं, ही पहिली गफलत. वाटा मोजा.

१) हेड गॅस्केट जळालं, किंवा हेडलाच चीर गेली.
२) ओल्या लायनरच्या तळाची रबरं कडक झाली, तुटली. ओला लायनर म्हणजे ज्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं तो.
३) लायनरलाच बारीक छिद्रं पडली. याबद्दल खाली लिहितो, कारण याचं कारण आपण स्वतः रेडिएटरमध्ये ओततो.
४) ऑईल कूलर आतून फुटला.
५) वॉटर पंपाचं सील गेलं. ज्या इंजिनात पंप टायमिंग गिअरवर चालतो तिथं दोन सीलांच्या मधलं बारीक भोक मातीनं बुजलं, तर गळणारं पाणी बाहेर न पडता आत जाऊ शकतं.
६) ट्रकच्या इंजिनावर पाण्यानं थंड होणारा हवेचा कॉम्प्रेसर असतो, त्याचं हेड.
७) ब्लॉकलाच चीर.

आणि आठवी वाट म्हणजे बाहेरून आलेलं पाणी. सर्व्हिसिंगला प्रेशरनं इंजिन धुतलं आणि पाणी ब्रीदरमधून नाहीतर पट्टीच्या भोकातून आत गेलं. पावसात उभ्या सायलेन्सरवर डबा ठेवला नाही, तिथून गेलं. इथं इंजिनात बिघाडच नाही आणि आपण हेड उतरवायला निघालो!

म्हणजे आठातली फक्त पहिली वाट हेडकडं जाते. तरी दर वेळी हेडच उतरतं, कारण ते वर असतं, हाताला लागतं.

आधी खात्री: पाणीच आहे का?

झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टर घर ते डेअरी, डेअरी ते घर एवढाच फिरला तर इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ झाकणाला गार होऊन साय धरते. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर एक दिवस नांगराला लावा. बहुतेक वेळा साय निघून जाते.

पातळी वाढली पण रंग काळाच आहे? वास घ्या, बोटावर चोळा. पातळ आणि डिझेलचा वास, तर ते पाणी नव्हे, डिझेल आहे. फीड पंप, डिझेल पंपाचं सील, नाहीतर गळकं नोझल बघा. तिथं हेड खोलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पाण्याचीच शंका असेल तर दोन साध्या परीक्षा.

पहिली: गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चालू न करता चेंबरचा नट हळूहळू सैल करा. पाणी आणि कूलंट दोन्ही ऑईलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतात आणि आधी तेच येतात. रंग बघा. हिरवं किंवा गुलाबी आलं तर ते रेडिएटरचं. साधं पाणी आलं आणि तुमच्या रेडिएटरमध्ये कूलंट आहे, तर ते बाहेरून आलेलं. मात्र ऑईल घुसळून लोण्यासारखं झालं असेल तर ते लवकर फुटत नाही, मग ही परीक्षा धरू नका.

दुसरी: लोखंडी पत्रा किंवा जुना तवा तापवा, शेगडीवरून खाली उतरवा आणि त्यावर ऑईलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं, बुडबुडे उडतात. नसेल तर शांतपणे पसरतं. डोळ्याला चष्मा लावा, आणि पेटत्या जाळावर हा उद्योग करू नका.

एक गोष्ट कृषी पदवीधर मंडळींनी लक्षात ठेवावी. गळती अगदी थोडी असेल आणि इंजिन दिवसभर तापत असेल, तर पाणी वाफ होऊन निघून जातं आणि कूलंटमधलं ग्लायकॉल मागं राहतं. ऑईल काळंच दिसतं, तवाही तडतडत नाही, पण बेअरिंगं खाल्ली जात असतात. रेडिएटर दर आठवड्याला थोडं-थोडं कमी होतंय आणि बाहेर थेंब नाही, तर ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. ग्लायकॉल, सोडियम, पोटॅशियम सापडलं तर कूलंट आत जातंय.

मग शोध: कुठून?

इथं थोडं डोकं चालवायचं. गरम इंजिन पळताना ऑईलचा दाब साधारण दोन ते चार किलो असतो. रेडिएटरचा दाब फार तर एक किलोच्या आसपास. आणि सिलिंडरमधल्या जळणाचा दाब या दोन्हींच्या कितीतरी पट. जास्त दाबाकडून कमी दाबाकडं माल जातो, हा नियम ठिबकच्या नळीला लागू आहे तसा इंजिनालाही.

यावरून काय निघतं बघा.

रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आणि ऑईलमध्येही पाणी, पण बुडबुडे नाहीत, तर आधी ऑईल कूलरवर संशय घ्या. इंजिन पळताना तेल पाण्यात ढकललं जातं. बंद झालं की ऑईलचा दाब शून्य होतो, पण तापलेल्या रेडिएटरचा दाब शिल्लक असतो, मग पाणी तेलात जातं.

रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी उसळून बाहेर, सायलेन्सरला पांढरा धूर, तर हेड गॅस्केट किंवा चीर. थंड इंजिनाची टोपी काढून चालू करा, पहिल्या मिनिटातच बुडबुडे सतत यायला लागले तर ते जळणाचे गॅस. खात्रीसाठी निळ्या द्रवाचं टेस्टर मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, गॅस असेल तर द्रवाचा रंग बदलतो.

ऑईलमध्ये पाणी, पण रेडिएटर स्वच्छ, बुडबुडे नाहीत, धूर नाही, आणि गाडी नुसती उभी असतानाही पाणी कमी होतंय, तर लायनरची रबरं किंवा वॉटर पंपाचं सील. चेंबरमध्ये दाब नसतो, म्हणून तिथून तेल उलटं पाण्यात जात नाही.

आता खरी परीक्षा, जी आपल्याकडं जवळजवळ कुणी करत नाही. रेडिएटरला लावायचा हातपंप मिळतो, घड्याळ असलेला. ऑईल काढून टाका, चेंबरचा नट उघडा ठेवा, रेडिएटर भरा, आणि टोपीवर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्या. जास्त नको, चांगला रेडिएटर फाटेल. मग थांबा. घड्याळाचा काटा खाली येतोय आणि नटातून थेंब पडतोय, तर गळती पक्की. चेंबर उतरवता येत असेल तर उतरवा आणि बॅटरी घेऊन खालून बघा. लायनरच्या बाहेरून, तळाशी थेंब म्हणजे रबर. लायनरच्या आतून, पिस्टनच्या बाजूनं थेंब म्हणजे लायनरला छिद्र, किंवा वर हेडकडून सिलिंडरमध्ये गळती. पुढून टायमिंगकडून ओघळ म्हणजे वॉटर पंप. पुशरॉडच्या भोकांतून वरून ओघळ म्हणजे हेड. कितव्या सिलिंडरचा लायनर, हेसुद्धा कळतं.

बऱ्याच ट्रॅक्टरचं चेंबर बिडाचं असतं आणि पुढच्या एक्सलचा भार त्यावर असतो, ते सहज उतरत नाही हे मान्य. तिथं दाब देऊन रात्रभर ठेवा, कूलर वेगळा काढून हवेनं तपासा, आणि एकेक वाट बाद करत जा. काही चिरा फक्त गरम झाल्यावर उघडतात, काही रबरं फक्त गार असताना गळतात, म्हणून ही परीक्षा एकदा गार आणि एकदा कोमट इंजिनावर करा. उकळत्या रेडिएटरची टोपी मात्र उघडू नका, तोंड भाजेल.

आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन अडलं, ठक्क करून थांबलं, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा आणि हातानं फिरवा. कोणत्या भोकातून पाणी उडतं तेच तुमचं निदान.

"हंगामात एवढा वेळ कुठाय?"

हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. नंबर लागलेला असतो, ऊस वाळत असतो, टोळीला बसून पगार द्यावा लागतो. पण हिशोब मांडा. दाबाची परीक्षा एका रात्रीची. चुकीचं हेड उतरवून, गॅस्केट आणून, पुन्हा बसवून, पुन्हा उतरवायला किती दिवस जातात? वेळ नाही म्हणूनच निदान करायचं असतं.

दुसरा युक्तिवाद: "एवढा हंगाम चालवून घेऊ, ऑईल बदलत राहू." हे सगळ्यात महाग पडतं. कूलंट मिसळलेलं ऑईल घट्ट गाळ होतं. तो गाळ फिल्टर बुजवतो, मग फिल्टरची सुटका झडप उघडते आणि न गाळलेलं ऑईल थेट बेअरिंगला जातं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो, तो पाण्यानं फाटतो. एका रबराचं काम क्रँक ग्राइंडिंगवर नेऊन ठेवायचं असेल तर खुशाल चालवा.

मिस्त्रींवर सगळं ढकलायचं नाही मला. आपल्या तालुक्यांतले कितीतरी मिस्त्री आवाजावरून नोझल ओळखतात. पण आपण त्यांना पैसे कशाचे देतो? खोलायचे आणि बसवायचे. एखाद्यानं दोन तास बसून, दाब देऊन, "मालक, हेडला हात लावू नका, कूलर बदला" असं सांगितलं तर आपण म्हणतो, "काय केलंस त्यात? नुसता बघत तर बसलास!" आणि चहा पाजून वाटेला लावतो. मग तो पुढच्या वेळी कशाला बघत बसेल? पाना उचलेल. ही सवय आपण लावलीय, मोडायचीही आपणच. निदानाची मजुरी वेगळी द्या आणि ती आनंदानं द्या.

आता पाण्याचं बोलू

पूर्वी विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर असायचं. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची सुरुवात झाली आणि ही इंजिनं गावोगाव गेली. त्यांना गार ठेवायला पंपाच्याच पाण्याची बारीक नळी जोडायची. ताजं पाणी यायचं, इंजिन गार करून पाटात जायचं. तिथं ते बरोबर होतं. पण ती सवय आपण ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर आणली. तिथं तेच पाणी हजारदा तापतं, वाफ उडते, क्षार मागं राहतात, आपण वरून पुन्हा बोअरचं ओततो. पुन्हा क्षार.

आणि आपलं पाणी कसलं आहे? नीरा डाव्या कालव्याखाली सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पाणी फिरतंय. कालव्याखालच्या खारपड जमिनी आपण बघतो. अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली माळेगाव खुर्दला उभी राहिली, क्षार आणि पाण्याचा ताण हे तिच्या अभ्यासाचे विषय. उसाला पाणी द्यायच्या आधी ईसी तपासणारे शेतकरी इथं आहेत. रेडिएटरला पाणी ओतताना तेच शेतकरी डोळे मिटतात!

आकडे बघा. पाण्यात क्षार किती हे सांगताना ईसीला ६४० नं गुणलं की लिटरमध्ये साधारण किती मिलिग्रॅम क्षार ते कळतं. सिंचनाच्या वर्गवारीत ०.७५ पर्यंतचा ईसी मध्यम धरतात, ऊस त्यावर मजेत वाढतो. म्हणजे लिटरला ४८० मिलिग्रॅम. आता कॅटरपिलर कंपनी आपल्या डिझेल इंजिनांच्या पाण्यासाठी जी मर्यादा सांगते ती अशी: एकूण क्षार ३४०, कठीणपणा १७०, सल्फेट १००, क्लोराइड फक्त ४० मिलिग्रॅम. उसाला चाललेलं पाणी इंजिनाला चालत नाही. आणि इंजिनाला पोसायला आपण बोअरचं पाणी वापरतो, जे कितीदा तरी उसालाही नको असतं.

हे क्षार लायनरच्या गरम पाठीवर खडू बनून बसतात. उष्णता बाहेर जात नाही, लायनरची रबरं भाजून कडक होतात. हेड एका जागी जास्त तापून वाकतं. त्यात फडात गाडी उकळली की आपण कळशीभर गार पाणी ओततो, आणि बिडाला चीर जाते.

दुसरा प्रकार लायनरच्या छिद्रांचा. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो. त्याच्या पाठीला पाण्याचे बारीक वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक फुटणं म्हणजे लोखंडावर सुईचा एक घाव. महिनोन्‌महिने हे चाललं की टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आरपार जातं. चांगल्या डिझेल कूलंटमधली रसायनं लायनरवर रक्षक पापुद्रा धरतात, साध्या पाण्यात तो नसतो. रेडिएटरची टोपी ढिली असेल तर दाब राहत नाही आणि बुडबुडे आणखी वाढतात. म्हणजे टोपीसारख्या स्वस्त वस्तूची हयगय करून आपण लायनर फोडतो.

म्हणून सरळ सांगतो. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचं कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात, सांगितलेल्या प्रमाणात. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात गंज रोखणारं काही नसतं. दोन रंगांची कूलंटं एकत्र करू नका. मुदत संपली की बदला. पाचट आणि धुरळ्यानं भरलेली जाळी रोज फुंकून घ्या. आणि थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. त्यानं गाडी गार पळते, पण इंजिन कधीच नीट तापत नाही, ऑईलमध्ये वाफ साठते आणि लायनर लवकर झिजतात.

काय व्हायला पाहिजे

मालकानं इंजिन खोलू देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ऑईल आणि रेडिएटर, दोन्हीत काय दिसलं? बुडबुडे आहेत का? दाब देऊन बघितलं का? थेंब कुठून पडला? चारांची उत्तरं नसतील तर पाना खाली.

हेड उतरवायचंच ठरलं तर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेड सपाट आहे का ते पट्टीनं बघा, चिरेसाठी दाबावर तपासा, लायनरची उंची डायल गेजनं मोजा. एक लायनर खाली बसला असेल तर नवीन गॅस्केटही जळणार. बोल्ट टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या क्रमानं. चेंबर धुवा, दोन-चार बेअरिंगं काढून डोळ्यानं बघा, आणि नवीन ऑईल-फिल्टर थोडे तास चालवून पुन्हा बदला, कारण जुना गाळ वाहिन्यांत राहतोच.

कारखान्यांनी वाहन करार करताना उचल देतात, तसा शेती विभागाच्या प्रत्येक गटाला दाबाचा एक हातपंप द्यावा. साखरेच्या एका पोत्यापुढं त्याची किंमत फार मोठी नाही, आणि एक वाहन वाचलं तर कारखान्याचाच ऊस वेळेत येतो. कृषी विज्ञान केंद्रं आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी अहवालावर एक ओळ वाढवावी: हे पाणी इंजिनाला चालेल की नाही. आकडे त्यांच्याकडं आधीच असतात, नुसतं लिहायचं आहे.

हंगामाला अजून थोडे दिवस आहेत. उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी पट्टी काढा, रेडिएटरची टोपी काढा, दोन्हीकडं बघा आणि पातळी वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. एक वाढतेय आणि दुसरी घटतेय असं दिसलं, तर इंजिन तुम्हाला वेळेत सांगतंय. ऐका.